रजिस्टरात न आलेले बालपण : बाबासाहेबांनी जपलेल्या आणि सांगितलेल्या आठवणी

साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. आज ती शाळा छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. शाळेने ती नोंद जपून ठेवली आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते.

त्या रजिस्टरात मुलाचे नाव आहे. पण तो वर्गात कुठे बसायचा, कशावर बसायचा, तहान लागली तर त्याला पाणी कोण द्यायचे, हे त्यात नाही. असल्या गोष्टींसाठी रजिस्टरात रकानाच नसतो. हे सगळे आज आपल्याला माहीत आहे, कारण मोठेपणी बाबासाहेबांनी स्वतःच्या लहानपणीच्या आठवणी सांगितल्या, काही लिहून ठेवल्या आणि नंतरच्या लोकांनी त्या जपल्या.

बाबासाहेबांचे जीवन आपण नेहमी महाड, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान आणि दीक्षाभूमी अशा टप्प्यांनी सांगतो. आज आम्ही तेच जीवन त्यांच्या बालपणीच्या आठवणींच्या अंगाने सांगत आहोत. त्यामागे एक काळजी आहे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे बालपणही कुठल्या रजिस्टरात आलेले नाही. ते फक्त त्यांच्या तोंडी आहे.

महू ते सातारा

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम करत. आई भीमाबाई मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांचे माहेरही लष्करी परंपरेचेच. भीम हे या दांपत्याचे चौदावे अपत्य. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आले. साताऱ्यात असतानाच भीमाबाई वारल्या. भीम तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता.

आईमागे मुलांना सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. त्या शरीराने अधू होत्या, तरी घर त्यांच्यावर चालत होते. बहुतेक चरित्रांत मीराबाईंच्या वाट्याला दोन-चार ओळीच येतात. पण आई गेलेल्या त्या लेकराला कुशीत घेऊन झोपणारी हीच बाई होती.

शाळेतल्या आठवणी बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिल्या. इतर मुलांबरोबर बसायची परवानगी नव्हती. कोपऱ्यात गोणपाटावर बसायचे. ते गोणपाट रोज घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत घरी आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. सवर्ण मुलांना तहान लागली की ती मास्तरांना विचारून नळावर जात. भीमाने नळाला हात लावायचा नव्हता. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई जागेवर नसला तर घरी जाईपर्यंत तहानलेलेच राहायचे. साताऱ्यात पैसे देऊनही न्हावी केस कापत नसे, म्हणून थोरली बहीण भावांचे केस कापायची. कपडेही बहिणीच धुवायच्या.

याच काळातली एक वेगळी आठवणही बाबासाहेबांनी जपली. शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाच्या हातावर ठेवत. त्या घासाची चव बाबासाहेब विसरले नाहीत. ज्या शाळेने गोणपाटावर बसवले, त्याच शाळेतला हा मास्तर. दोन्ही गोष्टी त्यांनी सांगितल्या. एकीसाठी दुसरी लपवली नाही.

स्वतःच्या खोड्याही त्यांनी लपवल्या नाहीत. साताऱ्याची काही मुले मुंबईच्या गिरणीत कामाला लागली होती. भीमालाही वाटले, आपणही मुंबईला पळून जावे आणि कमवावे. गाडीभाड्याला पैसे हवे होते. आत्या कमरेला पैशांचा कसा खोचून झोपायची. काही रात्री या मुलाने तो काढायचा प्रयत्न केला. शेवटी कसा हाती लागला, तेव्हा त्यात अर्धा आणा निघाला! त्या अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येणार नव्हती. मग त्याने ठरवले की आता नीट अभ्यास करायचा आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे. ही गोष्ट बाबासाहेबांनीच सांगितली नसती, तर जगात कुणालाच कळली नसती.

मसूरचे स्टेशन

१९०१ साल. दुष्काळी कामावर तलाव खोदायचे काम सरकारने सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात काढले होते. रामजी तिथे खजिनदार म्हणून नोकरीला होते. मराठी चरित्रांत या गावाचे नाव गोरेगाव असे येते, काही छापील प्रतींत ते कोरेगाव असे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावे, असे वडिलांनी कळवले. भीम, त्याचा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुले निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे असा थाट होता. आगगाडीत बसायचे म्हणून मुले हरखून गेली होती.

मसूर स्टेशनावर मुले उतरली. न्यायला कुणीच आले नव्हते. मुले येत असल्याचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते, कारण नोकर ते द्यायला विसरला होता. स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी भाबडेपणाने जात सांगितली आणि त्या माणसाचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले भाड्याला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार, या अटीवर गाडी मिळाली.

घरून दिलेला फराळ भरपूर होता, पण पाणी नव्हते. वाटेत एका ठिकाणी पाणी दिसले तर ते चिखलाचे आणि शेणामुताचे. रात्री उशिरा टोलनाक्यावर गाडी पोहोचली. मुसलमान आहोत असे सांगा, म्हणजे पाणी मिळेल, असा सल्ला गाडीवानाने दिला होता. मुलांनी तसे सांगूनही पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. पाण्यावाचून घास गिळवेना. मुलांनी डबा तसाच ठेवला आणि उपाशीपोटी टेकडीच्या पायथ्याशी गाडीत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती वडिलांकडे पोहोचली.

बाबासाहेबांनी लिहिले आहे की शाळेतला भेदभाव त्यांना आधीपासून माहीत होता आणि तो ते जगरहाटी म्हणून घेत होते. या प्रवासाने मात्र त्यांना जो धक्का दिला तो कायमचा राहिला. ही आठवण लिहिताना त्यांनी स्टेशनचे नाव, टोप्यांचा थाट, भाड्याचा सौदा, न पोहोचलेले पत्र, यातले काही सोडले नाही. तपशील इतके नेमके आहेत की वाचणारा त्या गाडीतच बसतो.

परळची एक खोली

पुढे रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले. परळच्या चाळीत एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सरपण, त्यातच झोपणे आणि अभ्यास. रात्री दोनच्या सुमारास रामजी मुलाला अभ्यासाला उठवत. पुस्तकाला पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात. मुलीकडे रोकड नसली तर तिचा एखादा दागिना आणून गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. मंजुळा आणि तुळसा या बहिणींच्या दागिन्यांवर आपण शिकलो, ही जाणीव बाबासाहेबांनी जन्मभर ठेवली. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ लंडनमध्ये निघाला, तो त्यांनी आपल्या आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधली आठवणही अशीच. मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले डबे आधी उचलले. मुंबई झाली तरी विटाळ सुटला नव्हता. तरीही १९०७ साली हा मुलगा मॅट्रिक झाला.

एका पुस्तकाची भेट

बौद्ध म्हणून आपल्यासाठी सर्वांत मोलाची ठरावी अशी आठवण बाबासाहेबांनी १९५६ च्या एप्रिलमध्ये लिहिली. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी त्यांनी एक प्रस्तावना लिहून ठेवली होती. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात आली नाही, नंतर ती स्वतंत्रपणे छापली गेली. आपण बुद्धाकडे कसे वळलो याचे उत्तर त्यांनी त्यात दिले आहे, आणि हे उत्तर म्हणजे बालपणीची एक आठवण आहे.

इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यावर समाजातल्या लोकांना या मुलाचा सत्कार करायचा होता. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींनी साफ नकार दिला. मग लोकांनी रामजींचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना मध्ये घातले. केळुसकर गुरुजी शिक्षक आणि लेखक होते. त्यांच्या शब्दाखातर सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती दिले. ते वाचून तो मुलगा भारावून गेला.

चरित्रग्रंथांत हा सत्कार बहुधा १९०७ साली, मॅट्रिकनंतर झाल्याचे येते. बाबासाहेबांनी स्वतः मात्र इंग्रजी चौथी म्हटले आहे. आठवणींचे असे होते. दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवाव्यात. पुस्तकाची भेट तर दोन्हींत आहेच.

याच प्रस्तावनेत वडिलांशी झालेला एक वाद आहे. रामजी कबीरपंथी होते, घरात भजन-पूजन आणि वाचनाची शिस्त होती. ते मुलांकडून महाभारत आणि रामायण वाचून घेत. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची हेटाळणी आहे, ते आम्ही का वाचायचे? पहिल्यांदा रामजींनी त्याला गप्प केले. काही दिवसांनी त्याने पुन्हा विचारले, तेव्हा ते उत्तर तयार ठेवून होते. आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे तुमच्या मनात न्यूनगंड येण्याची भीती आहे. द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी लहान कुळातून आले आणि किती मोठे झाले, हे वाचून तो गंड जावा, असे त्यांचे म्हणणे होते.

मुलाला या म्हणण्यात थोडे तथ्य दिसले, पण त्याचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांच्यापैकी कुणाचे वागणे आपल्याला पटत नाही, असे त्याने वडिलांना तोंडावर सांगितले. रामजी गप्प राहिले. घरात बंड झाले आहे, हे त्यांनी ओळखले.

हे लिहिले तेव्हा रामजींना जाऊन ४३ वर्षे झाली होती. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते वारले आणि त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. ज्या वडिलांनी रात्री दोनला उठवून शिकवले त्यांच्याबद्दलचे प्रेम आणि त्यांच्याशी झालेला मतभेद, दोन्ही त्यांनी एकाच लेखनात ठेवले.

आठवण पुरावा झाली

कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण घेऊन आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना तिथून बाहेर काढले. मसूरचा मुलगा आता परदेशात शिकून आलेला विद्वान झाला होता, पण स्टेशन मास्तरच्या चेहऱ्यावर जे दिसले होते तेच इथेही दिसले.

पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांनी बाबासाहेबांच्या मागोमाग पाणी घेतले. शिपाई आल्याशिवाय ज्याला नळाचे पाणी मिळत नव्हते, एक अख्खी रात्र ज्याने तहानलेल्या पोटी काढली होती, तो मुलगा तळ्याच्या काठावर सर्वांच्या पुढे उभा होता. आणि ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्याच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याच्या कोरड्या भाषेतली ही यादी वाचताना आम्हाला मसूरचा रस्ता आणि साताऱ्याचा नळ दिसतो.

पूर्ण आत्मचरित्र बाबासाहेबांनी लिहिले नाही. पण वेटिंग फॉर अ व्हिसा हे छोटे इंग्रजी लेखन त्यांनी आपल्या हस्ताक्षरात करून ठेवले. अस्पृश्यता म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कसे समजवावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. अर्थशास्त्र, कायदा आणि समाजशास्त्र यांत पारंगत असलेल्या या माणसाने त्यासाठी सिद्धांत न मांडता आठवणी सांगितल्या. मसूर, बडोदा, चाळीसगाव आणि दौलताबाद हे त्यांचे स्वतःचे अनुभव. त्यांच्या जोडीला इतरांचेही अनुभव त्यांनी घेतले. काठियावाडमधल्या एका शिक्षकाच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरने नीट तपासले नाही आणि ती गेली, तो अनुभव त्यात आहे.

हे हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपाने काढले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत, वसंत मून यांच्या संपादनाखाली निघालेल्या १२ व्या खंडात ते आले. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, तिथे आज हे लेखन विद्यार्थ्यांना वाचायला लावले जाते. १९०१ सालच्या एका रात्रीची तहान न्यूयॉर्कच्या वर्गापर्यंत पोहोचली, कारण कुणीतरी ते कागद फेकून दिले नाहीत.

जपणारे हात

आठवण सांगणाऱ्याइतकाच ती टिपून घेणारा महत्त्वाचा असतो. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी तरुणपणापासून बाबासाहेबांविषयीची माहिती जमवायला सुरुवात केली. पत्रे, कागद, जुन्या माणसांच्या हकिकती ते गोळा करत राहिले. त्यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेब हयात असताना निघाला. खैरमोडे १९७१ साली गेले. पुढचे काही खंड त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंच्या प्रयत्नांतून वाचकांपर्यंत आले. नवरा-बायकोने मिळून एका माणसाच्या आठवणींची राखण केली.

नंतर समाजानेही स्वतःच्या आठवणी लिहायला घेतल्या. १९७८ साली दया पवारांचे बलुतं आले. बेबी कांबळे आणि शांताबाई कांबळे यांनी आपले बालपण लिहिले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून त्यांच्या आठवणी घेतल्या आणि १९८९ साली आम्हीही इतिहास घडवला हे पुस्तक सिद्ध केले. कुठल्याही सरकारी कागदात नसलेल्या बायका त्या पुस्तकामुळे इतिहासात आल्या.

आपल्या घरातले बालपण

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या वर्षी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. आई-बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेली, देव्हाऱ्यातले देव उचलले गेले तो दिवस पाहिलेली, मेलेली जनावरे ओढणार नाही असे आपल्या बापाने गावाला सांगितले तेव्हा दाराआडून ऐकणारी मुले आता आपले आजी-आजोबा आहेत. नामांतराच्या आंदोलनात १९७८ साली घरे जळताना पाहिलेली मराठवाड्यातली मुलेही आता पन्नाशीच्या पुढे गेली आहेत.

पण अनेक घरांत या गोष्टी मुलांना सांगितल्या जात नाहीत. आपण कॉलनीत राहतो, मुले इंग्रजी शाळेत जातात, कशाला त्यांच्या मनावर ओझे टाकायचे, असे आई-वडिलांना वाटते. काहींनी आडनाव बदलले आहे, काही जण ऑफिसात जात विचारली की विषय बदलतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. लेकराच्या मनात न्यूनगंड येऊ नये, ही काळजी रामजी सुभेदारांनाही होती. त्या काळजीपोटी त्यांनी महाभारत पुढे केले.

त्यांच्या मुलाने मात्र वेगळा रस्ता धरला. अपमान झाकून न्यूनगंड जात नाही, हे त्याच्या सगळ्या जीवनातून दिसते. जे घडले ते स्पष्ट सांगितले की लाज सोसणाऱ्याची राहत नाही, ती करणाऱ्याकडे जाते. आजही कॉलेजच्या होस्टेलवर एखाद्या मुलाला रँक विचारून, कॅटेगरी विचारून एकटे पाडले जाते, तेव्हा त्याला वाटते की कमी आपल्यातच आहे. आजोबांच्या गोणपाटाची गोष्ट त्याला माहीत असेल, तर तो हे ओळखेल आणि एकटा पडणार नाही.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना आमचे सांगणे आहे. येत्या रविवारी आजी-आजोबांजवळ बसा. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, पण आधी त्यांना विचारून. भाषण नको, गोष्ट विचारा. शाळेत कुठे बसायचात? पाणी कुठून आणायचात? पायात काय असायचे? मार कशावरून खाल्ला? कोणता खेळ खेळायचात? गावाचे, वस्तीचे, मास्तरांचे नाव विचारा, कारण मसूर हे नाव नसते तर ती आठवण अर्धीच राहिली असती. कष्टाबरोबर हसण्याच्या गोष्टीही घ्या. अर्ध्या आण्याच्या कशासारखी एखादी गोष्ट प्रत्येक घरात असते. त्यांची बोली आहे तशीच लिहा, पुस्तकी करू नका. आजोबा एक साल सांगतील, आजी दुसरे. भांडण लावू नका, दोन्ही लिहा. भाजी-भाकरी देणारा मास्तरही सुटू देऊ नका.

जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. रेकॉर्डिंग एकाच फोनमध्ये ठेवू नका, भावंडांना आणि विश्वासू मित्रांनाही प्रत द्या. एखादी आठवण सांगणाऱ्याला घराबाहेर जायला नको असेल, तर ती घरातच राहू द्या. विशेषतः बायकांच्या आठवणींबाबत हे कटाक्षाने पाळा. जे सांगायला तयार आहेत त्यांना विहारात बोलवा. वर्षावासात आपण ग्रंथवाचन करतो. त्यातली एक संध्याकाळ वस्तीतल्या ज्येष्ठांच्या बालपणाला देता येईल. ७ नोव्हेंबरला शाळेत भाषण करणाऱ्या मुलांनी बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाबरोबर आपल्या घरात पहिल्यांदा शाळेत गेलेल्या माणसाचे नाव आणि त्याची गोष्टही सांगावी.

कार्यकर्त्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो, आकडे मांडतो. ते हवेच. पण बाबासाहेबांना जगाला समजवायचे होते तेव्हा ते तहानलेल्या चार मुलांना घेऊन मसूरच्या स्टेशनावर उतरले. आपल्या वस्तीकडेही अशी मुले आहेत, आज त्यांचे केस पांढरे झाले आहेत. ती आपली वाट पाहत आहेत की कुणीतरी विचारेल. तेव्हा उशीर करू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!